घर गेलेल्या मुलांच्या गोष्टी वाचताना

एक कागदी पिशवी डोळ्यांसमोर आणा. तपकिरी, उभट, किराणा भरून देतात तशी. ती एका मुलाच्या हातात रिकामी दिलेली आहे. तुला जे अगदी जपून ठेवायचंय तेवढं यात घाल, असं त्याला सांगितलंय. बाकीचं सामान अंगणात मांडून विकायचं आहे.

कॅथरिन ॲपलगेट यांच्या ‘क्रेनशॉ’ (२०१५) या अमेरिकन कादंबरीत जॅक्सन आणि त्याची धाकटी बहीण रॉबिन यांच्या वाट्याला अशी पिशवी येते. वडील बांधकामावर काम करायचे. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस झालाय, अंग साथ देत नाही. आई संगीत शिकवायची. तिची नोकरी गेली. हाताला मिळतील ती कामं दोघं करतात, तरी भाडं थकतं. कुणी दारू पीत नाही, कुणी जुगार खेळत नाही, दुष्ट घरमालकही नाही. असंच चाललंय आणि असंच चालत राहिलं तर घर जाणार, एवढंच.

आता तुमच्या ओळखीचं आठ-दहा वर्षांचं एखादं मूल आठवा. पुतणी असेल, शेजारचा असेल, तुमच्या वर्गातलं असेल. ही पिशवी त्याच्या हातात द्या. मनातल्या मनात द्या; प्रत्यक्ष असले खेळ मुलांशी खेळू नयेत. काय घालेल ते? आपल्याला वाटतं, बक्षिसाचा कप घालेल, चांगले कपडे घालेल. मुलं तसं करत नाहीत. कान फाटलेला ससा जाईल. डबीतले खडे जातील, बंद पडलेला मोबाइल जाईल, आजीच्या जुन्या लुगड्याची चिंधी जाईल. बघता बघता पिशवी भरते.

इथं जरा रेंगाळा आणि पिशवीत न मावलेल्या वस्तूंकडे बघा. सायकल. खिडकीतली तुळस. दरवर्षी वाढदिवसाला उंची मोजून दाराच्या चौकटीवर मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा. सायकल निदान विकता येईल, रेघांचं काय करायचं? मूल हा हिशेब कुणाच्याही मदतीशिवाय करतं. घर जाणार आहे हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही, पण पिशवी हातात आली तेव्हाच त्याला ते कळून चुकलेलं असतं.

‘क्रेनशॉ’मध्ये मला सगळ्यात खोल जाऊन लागलेली गोष्ट हीच आहे. जॅक्सनचे आईबाबा प्रेमळ आहेत, गमत्ये आहेत. खाणं कमी पडलं की सीरियलचे दाणे वाडग्यात फेकायचा खेळ काढतात. प्रश्न विचारला की विनोद करतात. आणि जॅक्सन आहे पक्का पुराव्यांचा माणूस, मोठेपणी प्राण्यांचा शास्त्रज्ञ व्हायचं ठरवलेला. काही वर्षांपूर्वी हे कुटुंब चौदा आठवडे आपल्या मिनीव्हॅनमध्ये राहिलेलं आहे. ते दिवस त्याला आठवतात, त्यामुळे खुणा त्याला ओळखू येतात. अशा मुलासमोर एक भलं मोठं, बोलणारं, टबात फेस करून अंघोळ करणारं काल्पनिक मांजर येऊन उभं राहतं. तेच क्रेनशॉ. जॅक्सनला त्याची लाज वाटते. एवढ्या मोठ्या मुलाला काल्पनिक मित्र? पण मांजर केव्हा येतं ते बघा. मोठ्यांचं बोलणं जिथं थांबतं तिथं ते येतं.

घर गेलं की मुलाचं काय जातं, असं विचारलं तर आपण छप्पर म्हणू, अंथरूण म्हणू, गरम जेवण म्हणू. ते खरंच आहे. पण या गोष्टी लिहिणाऱ्या लेखकांनी आणखी एक नुकसान हेरलंय. छप्पर जाण्याच्या कितीतरी आधी घरातलं खरं बोलणं जातं. मोठी माणसं मुलांपासून लपवतात. मुलं, आपल्याला कळलंय हे मोठ्यांपासून लपवतात. मग दोघं मिळून जगापासून लपवतात.

या लपवण्यापाशी थोडं बसू.

ईव्ह बंटिंग यांचं ‘फ्लाय अवे होम’ हे चित्रपुस्तक १९९१ साली आलं. चित्रं रोनाल्ड हिमलर यांची. अँड्र्यू नावाचा मुलगा आणि त्याचे बाबा विमानतळावर राहतात. आई वारलेली. बाबा शनिवार-रविवारी एका कचेरीत साफसफाई करतात, त्या पैशात भाडं भागत नाही. पुस्तक अँड्र्यू आपल्याला सांगतोय, अगदी साध्या आवाजात: आम्ही निळे कपडे घालतो, कुणाच्या लक्षात राहू नये म्हणून. बसल्या बसल्या झोपतो. रोज रात्री वेगळ्या विमान कंपनीच्या भागात जातो. सगळा नियम एकच: दिसायचं नाही.

तुम्ही मुंबई-पुण्याच्या विमानतळावर गेला असाल, निदान दादर किंवा मनमाड स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये रात्र काढली असेल. बॅग पायाशी, मान एका बाजूला कलंडलेली. तशी तुमच्या शेजारची दोन माणसं आठवा, एक मोठं, एक लहान. ती गाडीची वाट बघतायत असंच तुम्ही धरून चाललात. चेहरे आठवत नाहीत ना? निळ्या कपड्यांचं काम झालं.

एरवी आपण मुलांना काय शिकवतो? हात वर कर, मोठ्यानं बोल, पुढं हो, स्टेजवर जा. अँड्र्यूला त्याचे बाबा याच्या बरोबर उलटं शिकवतात, आणि तेही मायेनं. लहान मुलाला आपला आवाज आणि आपली हालचाल घडीघडीला आवरून धरणं किती जड जात असेल, याचा विचार घाईनं होत नाही. एकदा हे पुस्तक वाचून दाखवताना शेवटच्या पानांकडे न धावता मधल्याच एका चित्रावर थांबून पाहा. मुलं स्वतःच विचारतात: तो खेळतो कुठं? त्याचा आवाज मोठा झाला तर? त्याला ताप आला तर? हे प्रश्न धड्याच्या खाली छापलेल्या स्वाध्यायात कधीच नसतात.

सुसिन निल्सन यांच्या ‘नो फिक्स्ड ॲड्रेस’मध्ये (२०१८) हे लपवणं आणखी गुंतागुंतीचं होतं. कॅनडातलं व्हँकुव्हर शहर. बारा वर्षांचा फेलिक्स, त्याची आई ॲस्ट्रिड आणि होरेशिओ नावाचा जर्बिल, उंदरासारखा छोटासा पाळीव प्राणी. तिघं एका व्हॅनमध्ये राहतात. शाळेत नाव घालायचं तर पत्ता लागतो. म्हणून पत्ता खोटा. अंघोळ कुठं, कपडे कुठं धुतले, मित्राला घरी का बोलवत नाहीस, प्रत्येकाला एक खोटं. फेलिक्सनं तर आईच्या थापांची प्रतवारीच केली आहे: निरुपद्रवी कुठल्या, समोरच्याचं मन राखायच्या कुठल्या, ज्यानं एखाद्याचं नुकसान होईल अशा कुठल्या. वाचताना हसू येतं. जरा वेळानं लक्षात येतं की बारा वर्षांच्या पोरानं इतकी बारीक प्रतवारी केली म्हणजे त्यानं किती ऐकून घेतलं असेल. त्याचं आईवर प्रेम आहे, आणि तिच्यामुळेच आपण इथं आलो हेही त्याला अधूनमधून दिसतं. दोन्ही एकदम. मोठ्या माणसांनाही हे जमत नाही.

आता आपल्याकडे वळू, कारण अशी पुस्तकं आपल्याकडे नाहीत असं म्हणायची एक सवय आहे आणि ती फारशी खरी नाही. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. १९३५ पासून मराठी घरांत ते मुलांच्या हाती दिलं जातंय. आईच्या प्रेमाचं पुस्तक, संस्कारांचं पुस्तक म्हणून. एकदा ही ओळख बाजूला ठेवून नुसतं घराकडे लक्ष देऊन ते वाचा. कोकणातल्या पालगडचं खोतांचं घराणं. भाऊबंदकीत एकत्र घरातून बाहेर पडावं लागतं. मग आईच्या माहेरच्या घरात राहणं. तिथं राहणं आईला सोसत नाही. झोपडी चालेल पण आपली हवी म्हणून ती अंगावरचं सोनं काढून देते. मग कर्ज, सावकार, जप्ती, गावभर अब्रूचे धिंडवडे. घर हळूहळू हातचं जाण्याची याहून तपशीलवार गोष्ट आपल्या मुलांसाठी दुसरी कुणी लिहिली असेल असं मला वाटत नाही. आपण तिच्यातले अश्रू घेतले आणि जप्ती सोडून दिली.

आईला माहेरी राहणं का सोसलं नाही, यावर थोडा वेळ घालवा. उपाशी ठेवत होतं का कुणी? नाही. डोक्यावर छप्पर होतं, माणसं आपलीच होती. तरी ते आपलं घर नव्हतं. मुलांना हे चटकन समजतं. मामाकडे आठ दिवस सुट्टीला जाणं आणि मामाकडे राहायला जाणं यातला फरक त्यांना समजावून सांगावा लागत नाही. फ्रिज उघडण्याआधी विचारायचं की नाही, इथपासून तो सुरू होतो.

याच ठिकाणी बेघर कुणाला म्हणायचं हा प्रश्न उभा राहतो. आपल्या जनगणनेत, ज्यांना छप्पर असलेली वास्तूच नाही, जे रस्त्याकडेला, फुटपाथवर, पुलाखाली, फलाटावर, मोठ्या पाइपांत राहतात, ते बेघर. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री झालेल्या मोजणीत देशभरात असे १७ लाख ७३ हजार लोक आढळले. त्यातले सुमारे २ लाख ११ हजार महाराष्ट्रातले. अमेरिकेत शाळांपुरता हिशेब वेगळा आहे. १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानुसार घर गेल्यामुळे किंवा परवडेनासं झाल्यामुळे नातेवाइकांकडे दाटीवाटीनं राहणारं, मोटेलमध्ये किंवा गाडीत राहणारं मूलही बेघरच धरतात. कागदपत्रं नसली तरी शाळेनं त्याला लगेच दाखल करून घ्यायचं, आणि राहण्याची जागा बदलली तरी शक्यतो त्याची जुनी शाळा सुटू द्यायची नाही. या व्याख्येनं २०२२–२३ या शालेय वर्षात तिथं १३ लाखांहून जास्त विद्यार्थी बेघर निघाले. उलट जानेवारी २०२४ मधल्या एका रात्रीच्या सरकारी मोजणीत, निवाऱ्यात आणि रस्त्यावर मिळून, सगळ्या वयाची माणसं धरूनही आकडा होता ७ लाख ७१ हजार. पहिली मोजणी वर्षभराची आणि दुसरी एका रात्रीची, हा फरक आहेच. पण दुसऱ्यांच्या घरात कोपरा धरून राहणारी मुलं रात्री रस्त्यावर मोजायला गेलेल्यांना दिसणार तरी कशी?

तो कोपरा जेनिफर रिचर्ड जेकबसन यांच्या ‘पेपर थिंग्ज’मध्ये (२०१५) बघायला मिळतो. अकरा वर्षांची अॅरी आणि तिचा एकोणीस वर्षांचा भाऊ गेज. आज या मित्राच्या सोफ्यावर, उद्या त्या मैत्रिणीकडे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसं. अॅरीकडे एक फोल्डर आहे; कॅटलॉगांतून कापलेली कागदी माणसं, त्यांच्या खोल्या, त्यांचं सामान. कागदी कुटुंबाला सगळं आहे. तिचा गृहपाठ मात्र होत नाही, कारण वही एका घरात आणि ती दुसऱ्यात. बाई विचारतात, इतकी हुशार मुलगी, हल्ली लक्ष कुठं असतं तुझं?

शिक्षक असाल तर हा प्रश्न तुम्हीही विचारलेला असेल. मुंबईत जुनी इमारत पडली किंवा मोडकळीला आली म्हणून संक्रमण शिबिरात गेलेली आणि तिथंच वर्षानुवर्षं राहिलेली मराठी कुटुंबं कमी नाहीत. ‘तात्पुरत्या’ खोलीत जन्मून तिथूनच दहावीला बसलेली मुलं आहेत. अकरा महिन्यांचा करार संपला की शाळेची बस बदलणारी मुलं तर प्रत्येक वर्गात असतात. ती जनगणनेतली बेघर नव्हेत. पण गोष्ट वाचून दाखवताना त्यांच्यातलं एखादं समोर बसलेलं असू शकतं, तेव्हा ‘तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली आहे?’ असं वर्गात कधीही विचारू नये. गोष्टीचा उपयोगच हा की बोलायचं फेलिक्सबद्दल. मूल त्याच्या नावावर आपलं काय काय सांगून टाकतं, आणि आपल्याला ते कळलं असं दाखवायचीही गरज नसते.

मुलं आणखी एक विचारतात, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. मग ते दुसरं घर का घेत नाहीत? बार्बरा ओकॉनर यांच्या ‘हाऊ टू स्टील अ डॉग’मध्ये (२००७) जॉर्जिनाची आई दोन-दोन ठिकाणी राबते आणि तरी मुलांना घेऊन गाडीत झोपते. कारण घर चालवायला लागणारा पैसा थोडा थोडा लागतो. गेलेलं घर परत मिळवायला तो एकरकमी लागतो. डिपॉझिट, आगाऊ भाडं, सामान हलवायचा खर्च. मुंबईत भाड्यानं घर शोधलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. मुलाला सांगताना कागद-पेन्सिल घ्या, बेरीज करून दाखवा. दहा वर्षांच्या मुलाला ती येते.

आणि मग ते गावाला का जात नाहीत? हाही प्रश्न येतोच, मुलांकडून कमी, त्यांच्या आजोबांकडून जास्त. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या कुटुंबांना हुसकून लावायला सुरुवात झाली. त्यावरचा ओल्गा टेलिस खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठानं मान्य केलं की ही माणसं तिथं राहतात कारण त्यांचं काम तिथं आहे; उपजीविका काढून घेणं म्हणजे जगण्याचा हक्क काढून घेणं. रीतसर नोटीस देऊन उठवण्याची मुभा मात्र त्याच निकालानं पालिकेला दिली. दोन्ही भाग सांगा. मुलांना अर्धवट न्याय लगेच ओळखू येतो.

जॉर्जिनाची गोष्ट मी एका वेगळ्या कारणासाठी जवळ ठेवते. बक्षीस मिळवण्यासाठी ती एक कुत्रा चोरते. गरीब म्हणजे गुणी, सोशिक, देवाघरचं फूल असलं काही ती नाही. ती आईवर चिडते, खोटं बोलते, ज्या बाईचा कुत्रा चोरलाय तिच्याच घरी जाऊन गोड बोलते. पुस्तकभर हे तिच्या मनात आणि वाचणाऱ्याच्याही मनात खुपत राहतं. आपल्या बालसाहित्यात गरीब मुलाला बहुतेकदा प्रामाणिकपणाची परीक्षा द्यायला लावतात: पाकीट सापडतं, तो परत करतो, श्रीमंत गृहस्थ त्याचं शिक्षण करतात. एवढं शहाणं वागल्याशिवाय त्याला घर मिळायचं नाही का?

आता सगळ्यात अवघड भाग, वाचून संपल्यानंतरचा. पुस्तक मिटतं, खोलीत शांतता असते, आणि मोठ्या माणसाच्या जिभेवर एक वाक्य आपसूक येतं: ‘बघ, तू किती नशीबवान आहेस.’ ते गिळा. हे वाक्य वाईट हेतूनं येत नाही, आपल्याही आयांनी ते आपल्याला ताट पुढं करताना ऐकवलंय. पण त्यानं क्षणार्धात फेलिक्स तिकडे जातो आणि ऐकणारं मूल इकडे. आतापर्यंत दोघं एका व्हॅनमध्ये बसले होते. शिवाय ज्याचं घर खरंच डळमळीत आहे, त्या मुलाला आपण नशिबाच्या कुठल्या बाजूला उभं केलं?

दया मागाहून येईल, यायची तर. आधी कुतूहल येऊ द्या. मुलं विचारतील, व्हॅनमध्ये मोबाइल कसा चार्ज करतात. पावसात काच खाली करता येत नाही, मग वास येत नसेल का. उत्तरं शोधा त्यांच्याबरोबर. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा भरते, कंटेनरमधली. सिग्नलला फुलं, खेळणी विकणाऱ्या, गाव सोडून आलेल्या कुटुंबांतली मुलं तिथं शिकतात. गाडी त्या पुलाखालून जाते तेव्हा तुमचं मूल काच खाली करून बघेल. बघू द्या. फक्त ‘बिचारी’ म्हणू नका. ती मुलं शाळेत निघालेली असतात, आणि शाळेत निघालेलं मूल जसं दिसतं तशीच दिसतात.

आणि काही दिवसांनी, बहुधा रात्री, दिवा मालवल्यावर, तुमचं मूल तो प्रश्न विचारेल ज्यासाठी ही सगळी पुस्तकं लिहिली गेली आहेत. आपलं घर जाईल का?

त्याचं उत्तर पुस्तक उघडण्याआधीच तयार ठेवा, कारण त्या वेळी सुचत नाही. ‘छे, काहीतरीच काय’ हे उत्तर नव्हे. जॅक्सनच्या आईबाबांनी तेच दिलं होतं, विनोद करून, आणि त्याला घर सोडून निघून जावंसं वाटू लागलं होतं. शेवटी तो त्यांच्याकडे घर मागत नाही, खरं काय ते सांगा एवढंच मागतो. तुमच्या घराचं जे खरं असेल ते त्याला पेलेल एवढं सांगा. घराचा हप्ता अमुक तारखेला जातो. भाडं आत्तापर्यंत वेळेवर दिलंय. बाबांची नोकरी गेली तर काही महिने चालेल इतकं बाजूला आहे, किंवा नाहीये, आणि मग आत्याकडे काही दिवस जावं लागेल. तसं काही होणार असेल तर सगळ्यांत आधी तुला सांगू, शेजाऱ्यांच्या तोंडून तुला कळणार नाही. मूल यावर बराच वेळ काही बोलणार नाही. मग विचारेल, आत्याकडे सायकल ठेवायला जागा आहे का. तेही खरं सांगा. नसेल तर नाही म्हणा.